झाकण हातात

ज्या गावाला समुद्र नाही, नदी आहे ती नावापुरती, आणि एक तळं होतं ते बुजवून त्यावर बस डेपो झाला, त्या गावात एक माणूस वर्षानुवर्षं पाण्याखालची फोटोग्राफी शिकवत होता. हे कुणालाही सांगा, तो आधी हसतो आणि मग विचारतो, "शिकायला कुणी यायचं का?" यायचे. शहाण्या माणसांचा तुटवडा सगळीकडे असतो, हौशी माणसं मात्र मागाल तितकी मिळतात.

त्या माणसाला त्याचे विद्यार्थी सर म्हणायचे. बाजारातला घड्याळजी मात्र दाजी म्हणायचा, कारण त्याच्या थोरल्या बहिणीने या गृहस्थाशी लग्न केलं होतं. का केलं, हा प्रश्न घड्याळजीला लग्नाच्या मांडवातच पडला होता. संसार झाला, केस पिकले, तरी त्याला उत्तर सापडलं नव्हतं, आणि आता तर दाजीच गेले.

गेले तेही कसे, तर फुप्फुसात पाणी होऊन. उभं आयुष्य पाण्यात काढलेल्या माणसाला पाण्याने बाहेरून काही केलं नाही, तेव्हा ते आतून आलं. हॉस्पिटलच्या जिन्यात एका लांबच्या नातेवाइकाने हा विनोद केला, आणि घड्याळजीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गृहस्थ भेटायला न जाताच परत फिरला. खरं तर तोच विनोद घड्याळजीच्याही जिभेवर आला होता. पण दाजींची टिंगल करायचा हक्क या जगात एकाच माणसाला होता, आणि तो त्याने कुणाला भाड्याने दिलेला नव्हता.

दाजी तरुणपणी एका बंदरावर नोकरीला होते. काम काय, तर जहाजांच्या पोटाखाली बुडी मारायची आणि गंजाचे फोटो काढायचे. पत्रा कुठे पातळ झालाय, सांधा कुठे सुटलाय, शिंपले कुठे घर करून बसलेत, ते दुरुस्तीवाल्यांना वर आणून दाखवायचं. लोकांना वाटायचं, यांनी काय काय रंगीबेरंगी मासे पाहिले असतील! दाजींनी पाहिला गंज. त्याबद्दल मात्र ते असे रंगून बोलायचे की ऐकणाऱ्याला आपल्या घरच्या खिडकीचे गज जरा जास्त गंजायला हवे होते, असं वाटावं. मग ताईची बदली या कोरड्या गावात झाली. दाजींनी नोकरी सोडली, ट्रंकेत कॅमेऱ्याची पेटी घातली आणि बायकोच्या मागून आले. स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी मेहुण्याला पहिला प्रश्न विचारला, "इथे पाणी कुठे आहे?" घड्याळजीने त्यांना प्यायचं पाणी आणून दिलं.

पाणी होतं ते नगरपालिकेच्या तरणतलावात. तिथे भर दुपारची, कुणालाच नको असलेली वेळ दाजींनी मागून घेतली. कमिटीने परवानगी दिली, कारण ते काय मागतायत हे कमिटीतल्या एकालाही कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं कबूल करायची कमिटीत पद्धत नसते.

पहिल्याच दिवशी नव्या विद्यार्थ्याच्या लक्षात यायचं की तलावात मासे नाहीत. निळ्या फरशा आहेत, तळाला कुणाची तरी हेअरपिन आहे आणि क्लोरीनचा वास आहे. "सर, फोटो कशाचा काढायचा?" असं तो विचारायचा. "जे आहे त्याचा," असं सर म्हणायचे. मग जे नाही तेही सर घरून आणायचे. खुर्ची, किटली, हँडल वाकडी झालेली सायकल, सगळं तळाशी जायचं. एकदा ताईचा प्रेशर कुकर आठवडाभर तिथे मुक्कामाला होता आणि घरात आठवडाभर अर्धकच्चं अन्न शिजत होतं. घड्याळजी ताईला म्हणाला, "अगं, दुसरी बाई असती तर माहेरी आली असती." ताई म्हणाली, "आले असते रे, पण कुकरचा फोटो फार छान आलाय."

आणि खुर्च्या-किटल्यांचा कंटाळा आला की माणसंच मासे व्हायची. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांना काच लावून एकेकाने तळाशी जायचं आणि बाकीच्यांनी त्याचे फोटो काढायचे. हा नियम सगळ्यांना सारखा होता. "ज्याला माशाची भीती कळत नाही त्याने माशाचा फोटो काढू नये," असं सर म्हणायचे. गावात मासा फक्त बाजारात मिळायचा आणि तोवर त्याची भीती संपलेली असायची, हा भाग वेगळा.

शिकवणं म्हणाल तर एकच धोशा. जवळ जा. अजून जवळ. मध्ये जितकं पाणी जास्त तितका फोटो गढूळ. "लाज वाटायला लागली ना? आता आणखी थोडं जवळ," असं ते नव्या पोरीबाळींना नाही, तर पोट सुटलेल्या दाताच्या डॉक्टरांना सांगायचे, आणि मासा म्हणून समोर असायचा विमा कंपनीतला एक पेन्शनर. कौतुकाच्या बाबतीत सर इतके चिकट होते की फार म्हणजे फारच चांगला फोटो आला तर एक शब्द सुटायचा, "चालेल." दाताचे डॉक्टर त्या एका शब्दासाठी सहा वर्षं येत राहिले. ज्या दिवशी तो मिळाला त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवून सगळ्यांना चहा पाजला.

आता पेटी. पाण्यात कॅमेरा नुसता नेता येत नाही, पुढे काच असलेल्या एका जाड पेटीत तो बंद करावा लागतो, आणि पेटीच्या कडेला रबराचं कडं असतं. त्या रबरावर एक केस जरी राहिला तरी त्याच्या कडेने पाणी आत शिरतं आणि कॅमेऱ्याची माती होते. हे रबर साफ करून, तेलाचा हात फिरवून बसवायचं काम घड्याळजीकडे. घड्याळं पाण्यात टिकावीत म्हणून तो हेच करायचा, फक्त लहान मापात. "दाजी, तुमचा धंदा बुडीत आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे," असं तो पेटी परत देताना दर वेळी म्हणायचा, "पण माझ्या रबरातून थेंब आत गेला तर दुकानाला कुलूप लावीन." इतक्या वर्षांत थेंब गेला नव्हता. याचा त्याला जो अभिमान होता तो त्याने कुणाला दाखवला नव्हता, म्हणजे गिऱ्हाइकांखेरीज कुणाला दाखवला नव्हता.

पण रबरापेक्षाही मोठा शत्रू एक होता. लेन्सवरचं झाकण. तुमचा-आमचा कॅमेरा असेल तर झाकण राहिलं तरी काढता येतं. पाण्याखाली पेटी उघडता येत नाही. झाकण आत राहिलं की राहिलं, मग खाली बसून तुम्ही कितीही टिपा, फोटो आपले अमावस्येचे. दाताच्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षी हा पराक्रम करून दाखवला. तेव्हापासून सरांनी एक विधी बसवला. पेट्या बंद करायच्या आधी सगळ्यांनी तलावाच्या काठावर ओळीने उभं राहायचं. सर ओरडायचे, "झाकण?" सगळ्यांनी हात वर करून झाकण दाखवायचं आणि म्हणायचं, "हातात!" मग एकेकाने ते स्टीलच्या वाटीत टाकायचं. सगळ्यात शेवटी सर स्वतःचं टाकायचे. वाटीत सगळी झाकणं पडल्याचा आवाज झाल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. बाकावर बसलेली पोहणारी पोरं फिदीफिदी हसायची. घड्याळजीही पेटी द्यायला आला की त्यांच्याच रांगेत बसायचा, बूट न काढता, आणि तोंड वेडावून म्हणायचा, "हातात!"

असे हे दाजी. शेवटच्या वर्गाच्या दिवशी त्यांना खोकला होता. ताईने नको म्हटलं, ते गेले. त्या दिवशी पाण्याखाली त्यांचा फ्लॅश इतका वेळ चमकत होता की वरच्या सगळ्यांनी काठावरून वाकून पाहिलं. वर आले ते कुडकुडत. घरी गेले, ताप चढला, हॉस्पिटल झालं, आणि त्यातून काही ते उठले नाहीत.

आता तरणतलावाच्या सेक्रेटरीसाहेबांविषयी दोन शब्द, जास्त नकोत. वर्षभर हे गृहस्थ दुपारची ती वेळ काढून घ्यायच्या मागे होते, कारण त्यांना तिथे संगीताच्या तालावर पाण्यात हातपाय हलवायचा वर्ग सुरू करायचा होता. दर मीटिंगला म्हणायचे, "सरांबद्दल आदर आहेच, पण वयोमानाने आता विसरायला होतं त्यांना." दाजी जिवंत होते तोवर साहेबांनी त्यांना पाण्यात पाहिलं. दाजी गेल्याबरोबर साहेब इतके हळवे झाले की शोकसभा त्यांनीच ठरवली, भाषण त्यांनीच लिहिलं आणि सभागृहाच्या भिंतीवर लावायला आठ फुटांचा एक फ्लेक्स छापून आणला. फ्लेक्सवर मध्ये सर, आणि चहूबाजूंनी पिवळे, निळे, पट्टेरी मासे. ज्या माणसाने जन्मात माशाचा फोटो काढला नाही त्याच्या डोक्यावरून मासे पोहत होते. वर आणखी एक घोषणा होती, "सरांची अखेरची कलाकृती मोठ्या पडद्यावर." फ्लॅश तर सगळ्यांनी पाहिला होता ना!

तेव्हा सभेच्या आदल्या दिवशी ताई टॉवेलात गुंडाळलेली पेटी घेऊन दुकानात आली. हॉस्पिटलच्या धावपळीत ती कुणी उघडलीच नव्हती. ताईने ती काउंटरवर ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"तूच उघड," ती म्हणाली. "ह्यांच्या पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालायचा नाही."

"उघडतो. तुला चहा सांगू?"

"नको." ती थोडा वेळ भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत राहिली. त्यातली निम्मी बंद होती. "अरे, मला एक खरं सांग. शेवटी शेवटी ह्यांचं डोकं जागेवर होतं ना?"

"पहिल्यापासून कुठे होतं?"

एरवी ती हसली असती. "चेष्टा नको करूस. तो सेक्रेटरी सगळ्यांना सांगत फिरतोय, सरांना शेवटी सुचत नव्हतं म्हणून. मी म्हटलं, विसरायला काय, हे लग्नाच्या दिवशीसुद्धा पाकीट विसरून आले होते. पण काल आवराआवर करताना खोकल्याच्या औषधाची बाटली दिसली. तिला झाकणच नाही. कागदाचा बोळा कोंबून ठेवला होता तोंडाला. झाकणाला इतकं जपणारा माणूस रे! आणि मग मला काय काय आठवायला लागलं. असं झालं होतं का, तसं झालं होतं का, आणि मला कळलं नाही का. तसं होतं तर मी त्यांना पाण्यात जाऊ कसं दिलं?" तिने टॉवेलाचं टोक नीट केलं. "उद्या तो एक फोटो बघितला की मला कळेल. चांगला आला असेल तर डोकं जागेवर होतं. मग मी कुणाला काही विचारणार नाही."

ती गेली. घड्याळजीने दुकानाचं दार लोटून घेतलं, दिवा जवळ ओढला आणि टॉवेल सोडला. पेटी उघडायची गरजच पडली नाही. पुढच्या काचेतून, जागच्या जागी, घट्ट बसलेलं काळं झाकण दिसत होतं.

पहिल्यांदा त्याला हसू आलं. खरंच आलं. आयुष्यभर ज्या माणसाने गावाला काठावर उभं करून हात वर करायला लावले, त्याच्याच लेन्सवर झाकण! एवढा दारूगोळा घड्याळजीला कधीच मिळाला नव्हता. आता दाजींना गाठायचं आणि... मग त्याच्या लक्षात आलं की गाठायला दाजी नाहीत, आणि तो हसायचा थांबला. त्याने चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता.

मग त्याने पेटी उघडली. आत थेंब नव्हता. रबर ठणठणीत. क्षणभर त्याला बरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच चीड आली. कॅमेरा चालू करून तो एकेक फोटो बघत गेला. काळा. काळा. पुढचा काळा. त्याच्या पुढचा काळा. एखाद-दुसरा असता तर म्हटलं असतं, विसरले, चालायचंच. पण कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा असतो. पहिला फोटो काळा आला की नवशिक्यासुद्धा वर येऊन झाकण काढतो. दाजी खाली बसून टिपत राहिले होते, टिपतच राहिले होते. याचा अर्थ एकच होता. सेक्रेटरी म्हणत होता तेच खरं होतं.

घड्याळजीने झाकण काढून जाकिटाच्या खिशात टाकलं. डोळ्यांतलं पाणी त्याने बाहीला पुसलं, कारण टॉवेल दाजींचा होता. दाजींना हसायचं तर त्यांच्या तोंडावर हसायचं, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. उद्या आठ फुटांच्या माशांखाली सेक्रेटरी मान हलवून "वयोमान" म्हणणार आणि सभागृहभर लोक हळहळत गालातल्या गालात हसणार, हे त्याला सहन होणारं नव्हतं. आणि ताईला? तिला तर त्याहून नाही. तो तसाच बहिणीच्या घरी गेला.

"पाणी शिरलं होतं गं," तो दारातच म्हणाला. "सगळं खलास. एकही फोटो वाचला नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या रबरातून?"

"माझ्या रबरातून."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या "बरं"चा अर्थ काय लावायचा, ते त्याला रात्रभर कळलं नाही.

सभेला गर्दी चांगली होती. मेल्यावर माणूस गावाला फार लवकर आवडायला लागतो. टेबलावर फुलं होती, फुलांशेजारी ती स्टीलची वाटी होती, आणि वाटीत सेक्रेटरीसाहेबांनी फ्लेक्सच्या टाचण्या ठेवल्या होत्या. साहेब बोलायला उभे राहिले. सरांनी सात समुद्र पालथे घातले, असं ते म्हणाले. प्रवाळांची रंगीत दुनिया सरांनी गावाच्या दारात आणली, असंही म्हणाले. पहिल्या रांगेत दाताचे डॉक्टर, विम्याचा पेन्शनर आणि वर्गातले बाकीचे मुकाट बसले होते. त्यांनी प्रवाळ पाहिले नव्हते, कुकर पाहिला होता. साहेबांनी आवंढा गिळला, पाणी प्यायले, पुन्हा आवंढा गिळला, आणि शेवटी म्हणाले, "आता आपण ज्या क्षणाची वाट पाहतोय..."

"पाहू नका," घड्याळजी उभा राहून म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "फोटो नाहीत. पेटीत पाणी शिरलं. रबर मी बसवलं होतं. चूक माझी आहे."

सभागृहात चुळबुळ झाली. दोन-तीन गिऱ्हाइकांनी मनगटावरच्या घड्याळांकडे हळूच बघून घेतलं. घड्याळजीला ते दिसलं. दुकानाला कुलूप लावायची भाषा केली होती, आता लोक ते आणूनही देतील, असं त्याच्या मनात आलं. पण साहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी मोठ्या मायेने मान हलवली.

"नाही नाही, तुम्ही मोठ्या मनाने स्वतःवर घेताय. तुमचं रबर गाव ओळखतं. पेटीच नीट लागली नसेल सरांकडून. शेवटी वयोमान..."

झालं! जे झाकायला घड्याळजीने स्वतःचं नाक कापून दिलं होतं, ते साहेबांनी एका शब्दात उघड्यावर आणलं. त्याने ताईकडे पाहिलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तो अजून उभाच होता.

"बसा हो तुम्ही," मागून एक आवाज आला. "कसलं पाणी नि कसलं रबर?"

या कॅशियरबाई. बँकेतून रिटायर झालेल्या, वर्गातल्या सगळ्यात नव्या. बँकेत त्या काचेमागे बसायच्या आणि त्यांच्यासमोर मोठमोठे व्यापारीसुद्धा सुट्टे पैसे काढून ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं आणि ओठाची डावी बाजू कायमची खाली ओढली गेली. तेव्हापासून त्या हात तोंडाशी धरून बोलायच्या. वर्गात रोज यायच्या, दुसऱ्यांचे फोटो छान काढायच्या, पण मासा व्हायची पाळी आली की शिडीला धरून बसायच्या आणि कॅमेरा वळला की सटकन वर. आज त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात तोंडाशी नेला नाही.

"फोटो माझे होते," त्या म्हणाल्या. "पाणीबिणी काही शिरलेलं नाही. लेन्सवर झाकण होतं."

घड्याळजीचा हात आपोआप खिशावर गेला.

"मी समोर होते ना! मला दिसणारच. मी शिडीला धरलेलं. सर समोर आले, पेटी वर केली, आणि मी बघते तर काचेमागे झाकण. मी बोटाने दाखवलं, अहो सर, झाकण! तर त्यांनी तोंडातल्या नळीवरच बोट ठेवलं, गप्प बस म्हणून. आणि फ्लॅश मारला. मला वाटलं, आता हे काय? परत मारला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की फोटो येणारच नाहीये. कसाही चेहरा असू दे, येणारच नाही. दोन वर्षं मी कुणासमोर नीट हसले नव्हते. मी शिडी सोडली. मी पाण्यात गोल गिरकी घेतली, तोंड वेडंवाकडं केलं, जीभ काढून दाखवली. आणि सर आपले टिपतायत! जवळ येतायत, अजून जवळ. शेवटी पेटीच्या काचेवर, झाकणासमोर, बोटाने टकटक केलं त्यांनी. वर आल्यावर म्हणाले, 'पुढच्या वेळी झाकण हातात.' एवढंच. मी हो म्हटलं." त्या ताईकडे वळल्या. "त्यांना खोकला होता. माझ्यासाठी उतरले ते. मी तुमच्याकडे यायला हवं होतं, धीर झाला नाही."

ताई म्हणाली, "तुम्ही नसतात तर एखाद्या कुकरसाठी उतरले असते. त्यांना कोण अडवणार?"

साहेबांनी घसा साफ केला. "भावना समजतो. पण झाकण विसरलेच ना शेवटी? सरांसारखा माणूस..."

"एक मिनिट," दाताचे डॉक्टर उठले. पोट सावरत ते टेबलापाशी गेले. "विसरले कसे? काठावर सगळ्यात शेवटी सरांनी वाटीत झाकण टाकलं. आवाज आला. आम्ही सगळ्यांनी ऐकला." वर्गातल्या माना हलल्या. "आणि संध्याकाळी वाटी आवरताना त्यात एक भलतंच झाकण उरलं होतं. लहानसं, प्लॅस्टिकचं. मला वाटलं, कुणा पोराने कचरा टाकला. फेकून दिलं मी."

ताईने मान वर केली. "लाल?"

"लालच. औषधाच्या बाटलीला असतं तसं."

"खोकल्याच्या!" ताई म्हणाली, आणि हसायला लागली. हॉस्पिटलपासून दाबून ठेवलेलं सगळं त्या हसण्यात होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती हसत होती. "घरून ठरवून घेऊन गेले! मला बोळा लावून दिला बाटलीला, आणि..." कॅशियरबाईही हसत होत्या, सगळ्यांदेखत, वाकड्या ओठाने. साहेब एकदा या बाईकडे आणि एकदा त्या बाईकडे बघत होते. कुणाला आवरावं हे त्यांच्या भाषणात लिहिलेलं नव्हतं.

दाताच्या डॉक्टरांनी वाटीतल्या टाचण्या साहेबांच्या ओंजळीत ओतल्या. मग वाटी टेबलाच्या मधोमध ठेवून ते वळले आणि अगदी सरांच्या आवाजात ओरडले, "झाकण?"

पहिल्या रांगेचे हात सवयीने वर गेले, पण ते रिकामे होते. घड्याळजीने खिशात हात घातला. आयुष्यभर बाकावर बसून ज्या गोष्टीला त्याने वेडावलं होतं ती करायला त्याचे पाय आपण होऊन टेबलाकडे चालले. त्याने काळं झाकण वर धरलं. म्हणायचा शब्द एकच होता, पण तो बाहेर काढायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"हातात," तो म्हणाला आणि त्याने ते वाटीत टाकलं.

आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. ताईने डोळे पुसले, पट्टेरी माशांच्या गराड्यात बसवलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे एकदा पाहिलं, आणि मग भावाकडे.

"चालेल," ती म्हणाली.